तळ्याकाठचं ते उंच गवत नक्की कुठलं? चला, 'नळ' ओळखायला शिकूया

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले जास्तीचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? मस्त. आजचा विषय आहे गवत. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. आज मी एकाच गवताबद्दल बोलणार आहे. ते तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. गावाबाहेरचा तलाव, नदीचं वळण, हायवेच्या कडेला पाणी साचलेली खाण, अशा ठिकाणी माणसाच्या दुप्पट उंचीचं, बांबूसारखं कांडं असलेलं आणि वर धुरकट तुरा घेऊन डोलणारं जे असतं ना, ते. मराठीत त्याला नळ किंवा देवनळ म्हणतात. शास्त्रीय नाव फ्रॅगमायटिस कार्का. आपलं इथलं, मूळचं, वर्षानुवर्षं त्याच जागी टिकणारं पाणथळीचं गवत.

आधीच सांगतो, मी वनस्पतीशास्त्र शिकलेलो नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून डोकं धरतो. पण गेली काही वर्षं रविवारी सकाळी पाणथळीवर पक्षी बघायला जातो. पक्षी बघता बघता तो बसतो कुठे, घरटं कशात बांधतो, हे प्रश्न आपोआप येतात आणि माणूस गवताशी येऊन पोचतो.

गवत ओळखणं हा फक्त छंदाचा विषय नाहीये. त्याच्यावर एखाद्या तळ्याचं पुढचं आयुष्य ठरू शकतं. कसं ते सांगतो.

ग्रुपवर आलेला एक स्क्रीनशॉट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तलाव स्वच्छ करायची चर्चा चालू होती. चांगली गोष्ट आहे, वर्गणीही जमली होती. मग एका दादाने तलावाकाठच्या उंच गवताचा फोटो अ‍ॅपमध्ये टाकला. अ‍ॅपने सांगितलं, फ्रॅगमायटिस. त्याने ते नाव सर्च केलं. पहिल्या पानावर काय आलं? 'आक्रमक परदेशी गवत', 'पाणथळ गिळून टाकतं', 'तणनाशक मारा', 'मुळासकट काढा'. त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर. दहा मिनिटांत ठरलं की जेसीबी लावायचा, आणि उरलंसुरलं औषध मारून जाळायचं.

आता गंमत बघा. अ‍ॅप चुकलं नव्हतं. गवत खरंच फ्रॅगमायटिस कुळातलंच होतं. सर्चमध्ये आलेली माहितीही खोटी नव्हती. फक्त ती माहिती अमेरिकेतली होती आणि गवत आमच्या गावातलं. दोन बरोबर गोष्टी जोडून निष्कर्ष मात्र चुकीचा. सॉफ्टवेअरवाल्यांना हा बग ओळखीचा वाटेल. व्हेरिएबलचं नाव तेच, पण स्कोप वेगळा.

मी त्या शनिवारी गावी गेलो तेव्हा तलावावर शेजारचे आबा म्हशी घेऊन आले होते. मी त्यांना विचारलं, "आबा, हे काय आहे?"

"नळ हाय की. आमच्या बापाच्या आदीपासनं हितंच हाय."

"पण नळच कशावरून?"

"मोडून बघ. पोकळ लागतंय. आन् पान सोलून बघ, आत केसं असत्यात."

आबांनी दोन वाक्यांत जे सांगितलं, ते वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत लिहिलेलं असतं. त्याच्याकडे येतोच. आधी त्या अमेरिकेतल्या भानगडीकडे जाऊ, कारण मूळ ती समजून घेतल्याशिवाय आपला मुद्दा पटणार नाही.

अमेरिकेत नेमकं काय झालं

फ्रॅगमायटिस हे गवत उत्तर अमेरिकेत हजारो वर्षांपासून आहे. तिथले आदिवासी समाज त्याच्या चटया विणायचे, बाणाच्या काड्या करायचे. पण विसाव्या शतकात लोकांच्या लक्षात यायला लागलं की अटलांटिक किनाऱ्यावर आणि पंचमहासरोवरांच्या काठी हेच गवत भयानक वेगाने पसरतंय. इतकं दाट की दुसरं काही उगवत नाही. लोकांना कळेना, हजारो वर्षं शहाण्यासारखं वागणारं गवत अचानक असं का वागायला लागलं?

क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल नावाच्या संशोधिकेने २००२ मध्ये याचं उत्तर दिलं. तिची पद्धत मला फार आवडली. वनस्पती संग्रहालयांमध्ये जुने नमुने कागदावर चिकटवून ठेवलेले असतात, त्याला हर्बेरियम म्हणतात. तिने १९१० च्या आधी गोळा केलेल्या नमुन्यांचा डीएनए घेतला आणि आजच्या गवताच्या डीएनएशी ताडून पाहिला. म्हणजे चक्क जुन्या बॅकअपबरोबर डिफ काढला! उत्तर असं निघालं की पसरणारं गवत मूळचं नव्हतंच. ते बाहेरून आलेलं त्याच जातीचं दुसरं वाण होतं. दिसायला जवळपास सारखं, त्यामुळे ते आलं कधी आणि पसरलं कधी, कुणाला कळलंच नाही. २००४ मध्ये तिथल्या मूळ गवताला वेगळी उपजात म्हणून नाव मिळालं, अमेरिकानस.

आता तिथे काम करणाऱ्यांपुढे अडचण अशी की एकाच काठावर दोन्ही उभी असू शकतात. एक वाचवायचं आणि एक काढायचं. म्हणून तिथे ओळख पटवायच्या खुणांची यादी वापरतात. मूळच्या गवताचं कांडं गुळगुळीत, उन्हाळ्यात लालसर झाक असलेलं. पानाचा खालचा भाग, जो कांड्याला गुंडाळलेला असतो, तो हिवाळ्यात सहज गळून पडतो. झुडपं विरळ, मध्ये दुसऱ्या वनस्पतींना जागा. बाहेरून आलेल्याचं कांडं फिकट, रेघारेघांचं. ते आवरण घट्ट चिकटून राहतं, आणि वाढ भिंतीसारखी दाट. पण यातली कुठलीही एकच खूण पुरत नाही. लाल कांडं सावलीत फिकट दिसतं, दाटपणा पाण्यावर अवलंबून असतो. चार-पाच खुणा एकत्र बघायच्या, आणि शंका राहिली तर डीएनए तपासायचा.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अमेरिकेत जे 'काढून टाका' म्हणतात, ते सुद्धा आधी 'ओळखा' म्हणतात. आमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटमध्ये तेवढा अर्धा भाग कापला गेला होता.

आता आपल्याकडे: पाच मिनिटांत नळ कसा ओळखायचा

मोबाइल खिशात ठेवा. आधी हात वापरायचे. गवताच्या पानाची कड धारदार असते, तेव्हा पान कडेवरून ओढू नका, बोट चिरतं. आणि पावसाळ्यात काठावर चिखल आणि साप दोन्ही असतात, त्यामुळे एकटे जाऊ नका.

पहिला प्रश्न: हे गवत तरी आहे का?

पाण्याकाठी उभं, हिरवं आणि लांब पानांचं जे दिसतं, त्याला आपण सरसकट गवत म्हणतो. पण त्यात निदान तीन वेगवेगळी घराणी असतात. कांडं दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या, म्हणजे त्रिकोणी असेल, तर ते लव्हाळ्याच्या घराण्यातलं. लव्हाळा आपल्याला तुकोबांच्या अभंगामुळे माहीत असतो, पण शास्त्राच्या हिशोबाने ते गवताचं घराणं नाही. काही लव्हाळ्यांचं कांडं गोलही असतं, म्हणून पुढची खूण बघा: पेरं आहेत का? उसाला असतात तशी गाठ असलेली पेरं असतील आणि पानं कांड्याच्या दोनच बाजूंना, एक इकडे एक तिकडे अशी असतील, तर ते खरं गवत. लव्हाळ्यात पानं तीन ओळींत येतात.

दुसरा प्रश्न: पाणकणीस तर नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पाणकणीस, म्हणजे टायफा. त्याला रामबाणही म्हणतात. त्याचं ते तपकिरी, सॉसेजसारखं कणीस सगळ्यांनी पाहिलंय. कणीस असेल तेव्हा प्रश्नच नाही. पण कणीस नसेल तेव्हा? पानं कुठून निघतात ते बघा. पाणकणसाची पानं पट्ट्यासारखी, जाड, आत स्पंजासारखी, आणि बुडापासून निघून सरळ वर जातात. नळाची पानं कांड्यावर खालपासून वरपर्यंत पेरापेराला निघतात, बांबूसारखी. लांबूनसुद्धा हा फरक कळतो. वारा सुटला की नळाची पानं बऱ्याचदा सगळी एकाच बाजूला झेंड्यासारखी फिरतात, कारण कांड्याभोवतीचं आवरण सैल असतं.

तिसरा प्रश्न: कास आहे की नळ?

पावसाळा ओसरला की नदीकाठी पांढरेशुभ्र, चांदीसारखे तुरे दिसतात. बंगालात दुर्गापूजेच्या फोटोंमध्ये जे दिसतात, तेच. ते बहुतेक कास असतं, सॅकेरम स्पॉन्टेनियम. तेही आपलंच, तेही वर्षानुवर्षं टिकणारं. पण वेगळं. कासाचं पान अरुंद, मधली शीर जाड आणि पांढरी. नळाचं पान रुंद, दोन-तीन सेंटिमीटर किंवा जास्त. कासाचं कांडं बारीक आणि आत बराचसा भेंडासारखा गर. नळाचं कांडं जाड आणि दोन पेरांच्या मध्ये चक्क पोकळ, पाइपसारखं. आबांचं 'मोडून बघ' ते हेच. कासाचा तुरा झळझळीत पांढरा, नळाचा तुरा आधी जांभळट-तपकिरी आणि मग धुरकट, फांद्या जास्त पसरलेल्या.

एक गोष्ट जाता जाता. कास म्हणजे उसाचा जंगली नातेवाईक. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाचा आणि कासाचा संकर करून को २०५ हे वाण काढलं आणि १९१८ मध्ये ते शेतकऱ्यांना मिळालं. तिथून पुढे जगभरातल्या उसाच्या वाणांत कासाचे गुण आले. म्हणजे आपल्या पश्चिम महाराष्ट्राचं सगळं साखरेचं राजकारण ज्याच्यावर उभं आहे, त्या उसात या ओढ्याकाठच्या गवताचं रक्त आहे. आणि आपण त्याला तण म्हणतो!

चौथा प्रश्न: पान सोलल्यावर आत काय दिसतं?

पान कांड्याला जिथे मिळतं तिथे हळूच मागे वाकवा. आतल्या बाजूला, सांध्यावर, एक छोटी पट्टी असते. प्रत्येक गवतात ती वेगळी असते. एखाद्यात पातळ पापुद्रा, एखाद्यात केसांची रांग. जवळजवळ फिंगरप्रिंटच म्हणा. नळात तिथे केसांची रांग दिसते. आबांचं 'आत केसं असत्यात' ते हेच. अरुंडो डोनॅक्स नावाचा नळाचा एक भाऊबंद आहे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची रीड ज्याच्यापासून करतात, तो. तो आणखी दणकट असतो, पानाचं बूड रुंद होऊन कांड्याला मिठी मारतं, आणि सांध्यावर केसांच्या रांगेऐवजी पापुद्रा असतो, कडेला अगदी बारीक केस.

पाचवा प्रश्न: तुऱ्यातले केस नेमके कुठे आहेत?

हा थोडा नर्ड लोकांसाठी. तुऱ्यातलं एक बारीकसं कणसुलं काढा, तळहातावर ठेवा, मोबाइलचा मॅक्रो मोड लावा. कापडवाल्यांकडे असतं तसं छोटं भिंग असेल तर आणखी छान. नळामध्ये रेशमी केस आतल्या दांडीवर असतात आणि फुलाला झाकणारं तूस गुळगुळीत असतं. अरुंडोमध्ये उलटं, तुसावरच केस. कासामध्ये केस कणसुल्याच्या बुडाशी असतात आणि कणसुली जोडीजोडीने येतात, एक देठाचं, एक बिनदेठाचं. एवढं दिसलं की तुम्ही कुळापर्यंत पक्के पोचलात.

आणि ते वर्षानुवर्षं टिकणारं आहे हे कसं ओळखायचं? खणू नका. जिथे पाण्याने काठ खचलेला असतो, तिथे वाकून बघा. चिखलातून जाड, पेरापेराचं, आलं-हळदीसारखं आडवं खोड गेलेलं दिसतं. त्याला डोळे असतात आणि त्यातून नवे कोंब येतात. शिवाय गेल्या वर्षीची वाळकी कांडी आणि यंदाचे हिरवे कोंब एकाच बुडातून उभे दिसतात. बियांवर एका हंगामापुरतं जगणाऱ्या गवतात हे दिसत नाही.

याचा एक मजेशीर परिणाम आहे. ते आडवं खोड पसरत जातं, त्यामुळे तुम्हाला शंभर कांडी दिसली तरी ते कदाचित एकच झाड असेल. म्हणजे एका बेटातून दहा फोटो काढले तर दहा सॅम्पल झाले असं होत नाही. तलावाच्या दुसऱ्या काठालाही जाऊन बघायला हवं.

नावांचा घोळ

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? गावातल्या माणसाला नाव विचारलं की झालं. विचारा, जरूर विचारा, पण एकाच नावावर थांबू नका. उदाहरण देतो. पूर्वी ज्या लेखणीने लिहायचे ती बोरू. नळासारख्या पोकळ कांड्याचं टोक तिरकं तासायचं, चीर द्यायची, शाईत बुडवायचं. त्याच्यावरून 'बोरूबहाद्दर' हा शब्द आला, नुसतंच लिहीत बसणाऱ्यासाठी. त्यामुळे काही जण या गवतालाच बोरू म्हणतात. पण शेतकऱ्याला विचारा, बोरू म्हणजे ताग! हिरवळीच्या खतासाठी पेरतात ती पिवळ्या फुलांची वनस्पती. गवताशी काही संबंध नाही. एकाच तालुक्यात एकच शब्द दोन वनस्पतींना. म्हणून नाव ऐकायचं आणि मग कांडं मोडून बघायचं, दोन्ही.

अ‍ॅपचंही तसंच. अ‍ॅप वाईट नाही, मी रोज वापरतो. पण ते ज्या फोटोंवर शिकलंय त्यात युरोप-अमेरिकेतले फोटो जास्त असतील तर ते तिकडच्या जातीचं नाव पुढे करणारच. फ्रॅगमायटिस ऑस्ट्रालिस ही जगभर पसरलेली जात आणि आपली कार्का, या दोघींतला फरक मिलिमीटरमध्ये मोजायचा असतो. कणसुल्याच्या बुडाची तुसं किती लांब वगैरे. लांबून काढलेल्या फोटोत ते दिसणं शक्यच नाही. तेव्हा नोंद करताना 'फ्रॅगमायटिस' एवढंच लिहून थांबलात तरी ती चांगली नोंद आहे. खात्री नसताना जातीपर्यंत उडी मारण्यापेक्षा कुळावर थांबणं जास्त प्रामाणिक.

मग आमच्या तलावाचं काय झालं?

मी ग्रुपवर भाषण दिलं नाही. पाच फोटो टाकले: पूर्ण बेट, मोडलेलं पोकळ कांडं, सांध्यावरचे केस, तुरा, आणि खचलेल्या काठातलं आडवं खोड. खाली आबांचं वाक्य. आणि एक प्रश्न विचारला: तलावाला खरा त्रास कशाचा आहे?

रविवारी आम्ही सात-आठ जण काठाने चक्कर मारून आलो. पाण्यावर जलपर्णी होती. ती दक्षिण अमेरिकेतली. काठावर बेशरम होती, गुलाबी-जांभळ्या फुलांची. तीही अमेरिका खंडातूनच आलेली. म्हणजे परदेशी हवे होते तर दोन-दोन समोर होते, आणि जेसीबी निघाला होता इथल्या नळावर!

मग व्यवहाराचा मुद्दा निघाला. नळाचं खोड जेसीबीने तुटलं की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला डोळा असेल तर तो पुन्हा फुटतो. पैसे खर्च करून आपणच लागवड केल्यासारखं. शिवाय तीच खोडं काठाची माती धरून ठेवतात. काठ मोकळा केला की पहिल्या मोठ्या पावसात माती तलावात. आणि पावसाळ्यात रेषाळ सुगरणी अशाच उंच पाणगवतात घरटी विणतात.

पण मंडळी, दुसरी बाजूही सांगायलाच हवी. एक मामा म्हणाले, "अरे, पण दहा वर्षांपूर्वी हे एवढं नव्हतं. आता घाटाच्या पायऱ्या दिसेनात. गुरं पाण्याला जायची कुठून?" बरोबर होतं त्यांचं. गवत इथलं मूळचं आहे म्हणून ते कुठेही, कितीही वाढलं तरी चालेल असं होत नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली, तेव्हा पाणगवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांनाच उघडं पाणी कमी पडायला लागलं. नळ एवढा का वाढला? कारण तलावात गाळ साचलाय आणि ओढ्यातून सांडपाणी येतंय. उथळ पाणी आणि फुकटचं खत. गवत हे लक्षण आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून उपयोग नाही.

शेवटी असं ठरलं: आधी जलपर्णी आणि बेशरम काढायची. घाटासमोरचा आणि गुरांच्या वाटेवरचा नळ हिवाळ्यात, वीण संपल्यावर, विळ्याने कापायचा आणि कापलेलं बाहेर न्यायचं, तिथेच कुजवायचं नाही. कारण गवताने पाण्यातलं जे खत शोषलेलं असतं, ते गवताबरोबरच बाहेर जातं. बाकीचं बेट तसंच ठेवायचं. औषध मारायचं नाही. एवढं झालं. सांडपाण्याचा विषय मात्र अजून लोंबकळतोय, ते खोटं सांगत नाही. तो सुटला नाही तर गवत पुन्हा घाटावर येणार, आणि ग्रुपवर पुन्हा जेसीबीची चर्चा होणार.

या गवताची किंमत दुसरीकडे कशी कळलीय

दोन उदाहरणं सांगतो. पहिलं मणिपूरचं. लोकताक सरोवरावर तरंगती बेटं असतात, त्यांना फुमदी म्हणतात. माती, कुजलेल्या वनस्पती आणि जिवंत मुळं यांचा जाड थर. त्या थराला बांधून ठेवणाऱ्या वनस्पतींमध्ये आपलं हेच फ्रॅगमायटिस कार्का आहे. केइबुल लमजाओ राष्ट्रीय उद्यानात याच तरंगत्या जमिनीवर संगाई हरीण राहतं. जगात दुसरीकडे कुठेही ते नैसर्गिक अवस्थेत नाही. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची आणि गवताची मुळं चिखलातून अन्न घ्यायची. १९८३ मध्ये इथाई बंधारा सुरू झाला, पाणी वर्षभर वरच राहायला लागलं, आणि फुमदी पातळ व्हायला लागली. गवताचं मुळांचं गणित बिघडलं की थेट हरणापर्यंत जातं ते असं.

दुसरं उदाहरण सांडपाण्याचं. नळाच्या कांड्यातून आणि खोडातून हवा खाली मुळांपर्यंत जाते. मुळांभोवती थोडा ऑक्सिजन मिळतो, तिथे जिवाणू वाढतात आणि घाण पाण्यातले सेंद्रिय पदार्थ फोडतात. जर्मनीत केट झायडेल या संशोधिकेने १९५० च्या दशकात अशा पाणवनस्पती वापरून पाणी शुद्ध करायचे प्रयोग सुरू केले. त्यातून पुढे रूट झोन पद्धत आली, आणि भारतात अशा प्रकल्पांत नळ लावतात. म्हणजे एका ठिकाणी पैसे देऊन ते लावतात आणि दुसऱ्या ठिकाणी पैसे देऊन उपटतात. फरक कुठे पडतो? ओळखीत.

तुमच्यासाठी छोटा होमवर्क

या आठवड्यात जवळच्या तळ्यावर, नदीवर जा. उंच गवताचं एक बेट निवडा. पाच फोटो काढा: लांबून पूर्ण बेट, पान कुठून निघतं तो भाग, मोडलेलं कांडं, पान सोलल्यावरचा सांधा, आणि तुरा असेल तर त्याचा मॅक्रो. शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. तारीख आणि जागा लिहा. आणि तिथे गुरं चारणारं, मासे धरणारं कुणी असेल तर नाव विचारा, त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवा. हे सगळं आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. तिथले जाणकार लोक बघून सांगतात. पाच फोटो असतील तर त्यांनाही सांगता येतं. नुसता एक हिरवा धूसर फोटो असेल तर ते तरी काय करणार?

आणि तुमच्या ग्रुपवर कधी 'हे काढून टाकू' असा मेसेज आला, तर भांडू नका. फक्त एक विचारा: "कुणी मोडून बघितलंय का?"

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्याकडे या गवताला काय म्हणतात ते मला नक्की कळवा, विशेषतः कोकण आणि विदर्भातल्यांनी. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि काठावर जाताना चप्पल नको, बूट घाला!